लॅमिनेट केलेली योजना

डलासजवळ माझं टॅक्स रिटर्न भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. माणसं चार, त्यातला एक मी. म्हणजे कामाची तीन. फेब्रुवारी २०२१मध्ये बर्फाचा इशारा आला तेव्हा सीझन ऐन भरात होता. मी जळगावचा. ४५ अंशांत वाढलेल्या माणसाने थंडीचं नियोजन करू नये, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

शनिवारी सहा पानी योजना लिहिली. कोरोनाने घरून कामाची सवय लावलीच होती, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं, फोन मोबाइलवर वळवायचे, सर्व्हरला यूपीएस. सगळ्यांचे नंबर एका जागी. वर लॅमिनेशन. मिनेसोटात हयात गेलेल्या आमच्या रिसेप्शनिस्ट बाईंनी विचारलं, "लाइट गेले तर?"

मी हसलो. "अहो, ही अमेरिका आहे!" लोडशेडिंगमध्ये दहावी झालेला मी, मिनेसोटाच्या बाईंना अमेरिका शिकवत होतो.

सोमवारी पहाटे लाइट गेले. टेक्सासचं ग्रिड जवळजवळ एकलकोंडं. शेजारच्या राज्यांकडून वीज उसनी मागायची सोय नावापुरतीच. त्यात गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठली आणि सगळ्या राज्याने हीटर लावले. मंगळवारी डलासला उणे १९. यूपीएसने वीस मिनिटं इमान राखलं. नंतर आमचे लॅपटॉप म्हणजे कोरड्या विहिरीत सोडलेले पोहरे. मधूनच ऑफिसात लाइट येत, पण कॉम्प्युटर आपणहून सुरू होत नाहीत, कुणाला तरी बटण दाबावं लागतं. सहा पानांत बटण दाबणारा माणूस नव्हता. आणि ती सहा पानं? एक प्रत सर्व्हरवर, दुसरी ऑफिसच्या कपाटात.

गॅरेजचं दार हाताने उचलून मोटार बाहेर काढली आणि आत बसून मोबाइल चार्ज करू लागलो, तेवढ्यात बाईंचा फोन. त्यांच्याकडे कॅम्पिंगची शेगडी होती, मेणबत्त्या होत्या आणि सगळ्या क्लायंटांचे नंबर लिहिलेली कागदी डायरी. सकाळीच सर्वांना कळवून झालं होतं. "काय कळवलंत?" "ऑफिस बंद आहे, साहेब गारठलेत."

पुढे आयकर खात्याने टेक्साससाठी मुदत १५ जूनपर्यंत वाढवली, म्हणून अब्रू वाचली. हल्ली नियोजन बाई करतात. माझ्याकडे लॅमिनेशन आहे.