अंदमान, वाजवी दरात

मराठी माणूस अंदमानला दोन कारणांनी जातो. एक सावरकर आणि दुसरं एलटीसी. केंद्र सरकारच्या नोकरांना गावी जाण्याच्या सवलतीच्या बदल्यात अंदमानला जायची मुभा आहे आणि ही मुभा वर्षानुवर्षं मुदतवाढ मिळवत आली आहे. ज्याचं गाव करमाळा आहे आणि ज्याच्या कागदावर पुढे ‘किंवा अंदमान’ असा पर्याय आहे, त्याने काय निवडलं असेल हे वेगळं सांगायला नको. सेल्युलर जेलच्या कोठडीसमोर हात जोडून झाले की ‘तुम्ही कुठल्या खात्यात?’ ही चौकशी शुद्ध मराठीत कानावर येते, ती उगाच नाही.

आमच्या घरात एलटीसी कुणालाच नाही. सावरकरांविषयी आदर आहे, पण आदर दाखवून विमानाच्या तिकिटात सूट मिळत नाही. आमचं अंदमान घडलं ते माझ्या साडूंमुळे. साडू एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय ते देवापुढचा नारळसुद्धा घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की सहल कंपन्या आधी पैसे घेऊन आपल्याला टोपी घालतात आणि मग विमानतळावर खरोखरची टोपी देतात. तेव्हा बेटांवरून बेटांवर बोटीने हिंडायचं, पण स्वतः ठरवून आणि वाजवी दरात, असा ठराव आमच्या दिवाणखान्यात पास झाला. समितीत साडू, माझी मेव्हणी, बायको, चिरंजीव आणि सासूबाई. मला चहा सांगायचं काम होतं.

“अंदमान-निकोबारात खडक-सुळके धरून बेटं आहेत ८३६,” साडूंनी लॅपटॉप उघडून सुरुवात केली. “आणि कंपनीवाले दाखवतात किती? दोन-तीन!” खरेदी विभागाच्या हिशेबाने ही दिवसाढवळ्या लूट होती. चिरंजीवांनी मोबाईलमध्ये बघून माहिती पुरवली, की त्यातल्या जेमतेम तीसेक बेटांवर माणसं राहतात, निकोबारला खास परवान्याशिवाय जाता येत नाही आणि उत्तर सेंटिनेल बेटाच्या जवळपास फिरकायलाही कायद्याने बंदी आहे. शिवाय तिथली मंडळी आगंतुकांना बाण मारतात. “म्हणजे वाटाघाटीला वाव नाही,” असं म्हणून साडूंनी ते बेट यादीतून काढून टाकलं.

त्यांचा पहिला आराखडा असा होता: पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग स्वराज द्वीप दोन रात्री, मग नील आणि शहीद द्वीप एक रात्र. हॅवलॉकहून स्वराज द्वीपला जाणारी बोट काही केल्या सापडेना. सगळी संकेतस्थळं धुंडाळून झाल्यावर ‘तोट्यात चालत असल्यामुळे हा मार्ग बंद केलेला दिसतो’ असा निष्कर्ष साडूंनी काढला. शेवटी मेव्हणीने चष्मा वर सरकवला आणि सांगितलं, “अहो, हॅवलॉकचंच नाव स्वराज द्वीप झालंय. आणि नीलचं शहीद द्वीप.” नेताजींनी १९४३ च्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरात, ही नावं बदलली. रॉस बेटालाही नेताजींचं नाव मिळालं. पोर्ट ब्लेअर २०२४ साली श्रीविजयपुरम झालं. साडू क्षणभर गप्प बसले. मग त्यांनी दोन बेटं आणि तीन रात्री वजा केल्या आणि एका वाक्यात तीन रात्रींचं भाडं वाचवल्याबद्दल स्वतःच्या बायकोकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. (तिथले रिक्षावाले आणि हॉटेलवाले अजून सर्रास जुनीच नावं घेतात, म्हणून मीही ती घेतो.)

यानंतर साडूंनी हुकमाचं पान काढलं. “विमान हवंच कशाला? चेन्नईहून जहाज जातं. कोलकात्याहून जातं, विशाखापट्टणमहूनही जातं. बंक क्लास! आडवं पडायचं आणि जायचं.” जहाज जातं हे खरं आहे. सावरकरांनाही १९११ साली मद्रासहूनच जहाजाने नेलं होतं. पण चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर तेराशे किलोमीटरहून जास्त आहे आणि त्याला साठेक तास लागतात, तेही समुद्राची मर्जी असेल तर. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या, त्यांच्या तारखा आधी फार दिवस कळत नाहीत, आणि चेन्नईपर्यंतची रेल्वे वेगळी. बायकोने सगळ्यांच्या रजा कागदावर मांडल्या. जाणं-येणं वजा करून हाती जो वेळ उरत होता, त्यात धक्क्यावर उतरायचं, सेल्युलर जेलच्या दिशेने नमस्कार करायचा आणि त्याच जहाजात परत चढायचं, एवढंच बसत होतं. “दर उत्तम आहे,” ती म्हणाली, “फक्त माल मिळत नाही.” खरेदी विभागाच्या भाषेत सांगितल्यामुळे साडूंना ते लगेच पटलं. सगळ्या खर्चात सर्वांत मोठा आकडा विमानाचाच होता. तो बायकोने कित्येक महिने आधी तिकिटं काढून कुणाला न विचारता निम्म्यावर आणला. समितीच्या इतिवृत्तात याची नोंद नाही.

मग बोटींचा विषय निघाला. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करायचा, म्हणजे त्याच वाटेने उलटं यावं लागत नाही, एवढं सर्वानुमते ठरलं. त्रिकोणाच्या बाजू कशाने काढायच्या यावर मतभेद. खासगी बोटी वेगवान, वातानुकूलित आणि नेटवर आरामात आरक्षित होणाऱ्या. हॅवलॉकला दीडेक तासात पोचवतात. तिकीट माणशी हजाराच्या पुढे. बहुतेकींमध्ये मात्र खुर्चीला खिळून बसायचं, आणि समुद्र दिसतो तो मिठाने धुरकटलेल्या काचेतून. सरकारी बोट बरीच स्वस्त आणि तासभर सावकाश, पण डेकवर उभं राहता येतं. तिची तिकिटं मात्र प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात, आणि खुली झाली म्हणजे मिळतीलच असं नाही.

“का पण?” साडूंनी टेबलावर हात आपटला. “आपण आगाऊ पैसे द्यायला तयार आहोत, आणि सरकार घ्यायला तयार नाही?”

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांचं माहेर अलिबागचं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने त्यांनी उभी हयात ये-जा केलेली. ओहोटीला लाँच लागायची नाही तेव्हा धक्क्यावर बसून राहण्याचा त्यांचा अनुभव आम्हा सगळ्यांच्या वयाच्या बेरजेएवढा आहे. “अहो, ती तिथल्या लोकांची एस.टी. आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय सहलीला म्हणून एस.टी.च्या सगळ्या सीटा महिनाभर आधी अडवणार? गावच्या माणसाला दवाखान्यात जायचं असतं.” आणि पुढे विचारलं, “बोट रद्द झाली तर काय करायचं ते लिहिलंय का त्यात?”

“आई, बोट कशाला रद्द होईल?”

“वारा सुटला म्हणून.”

एक्सेलमध्ये वाऱ्यासाठी रकाना नव्हता. सासूबाईंनी एक रिकामा दिवस घालायला लावला आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा, असं निक्षून सांगितलं. साडूंनी तो रिकामा दिवस ‘किरकोळ’ या सदरात टाकला.

सूर्यालाही कुणी हिशेबात धरलं नव्हतं. अंदमान ब्याण्णव-त्र्याण्णव अंश पूर्व रेखांशावर आहे आणि घड्याळ मात्र मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांचं. पुण्याच्या मानाने सूर्य तिथे सव्वा तास आधी कामावर हजर होतो आणि तितकाच आधी घरी जातो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्यास्त, सहाला मिट्ट काळोख. चिरंजीव सकाळी दहाला उठणार असतील तर त्यांच्या वाट्याला जो दिवस येतो त्यात एक जेवण आणि एक सूर्यास्त मावतो. उलट पहाटे पाचला उठणाऱ्या सासूबाईंना हा देश आपल्यासाठीच वसवला आहे असं वाटलं. वाजवी दरात सहल करणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. रात्री उशिरापर्यंत खर्च करायला फारसं काही उघडंच नसतं.

अशा तयारीने आम्ही गेलो. साडूंच्या बॅगेत चिवडा, मेतकूट आणि पोहे होते, कारण बेटांवर बरंचसं वाणसामान मुख्य भूमीवरून जहाजाने येतं आणि मग भाव चढतात. शहाळी मात्र तिथलीच, आणि बाजारातल्या बंगाली खानावळीत भात, डाळ, भाजी, मासा असं ताट पोटभर मिळतं. पहिल्या बोटीला साडूंनी ‘मला समुद्र लागत नाही’ म्हणून अव्होमिनची गोळी नाकारली. बायकोने बोट सुटायच्या तासभर आधी ती बाकी सगळ्यांना दिली. हॅवलॉक येईपर्यंत साडू एकाही विषयावर बोलले नाहीत. आमच्या पाहण्यात असं पहिल्यांदाच घडलं.

हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं सरकारने वसवली. त्यांनी हॅवलॉकच्या गावांना नावं दिली गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. आणि नीलच्या गावांना सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. म्हणजे एक बेट भागवताचं आणि दुसरं रामायणाचं. सासूबाईंनी दोन्ही पायी पालथी घातली. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर प्रवाळ-खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथवर ओहोटीलाच चालत जाता येतं. सासूबाईंनी हॉटेलवाल्याला आल्या आल्या पहिला प्रश्न ओहोटीच्या वेळेचा विचारला, त्यामुळे आम्ही कमानीखाली उभं राहून डबक्यातले खेकडे, समुद्रकाकड्या आणि निळे-पिवळे मासे निवांत पाहिले. परतताना टोप्या घातलेला एक मोठा घोळका भरतीबरोबर येताना दिसला. साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये बसली नसती.

त्याच रात्री वारा सुटला. सकाळी धक्क्यावर चौकशी केली तर बोटी रद्द. ‘किरकोळ’मधला दिवस कामी आला. आम्ही नीलवर आणखी एक दिवस चिवडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीत जागा मिळाली. डेकवर दुधीची, वांग्याची पोती रचलेली, कारण पोर्ट ब्लेअरच्या मंडईत नीलची भाजी जाते. दोरीने बांधलेला केळीचा घड, वेताच्या पाटीत पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि शेजारी मांडीवर दवाखान्याची प्लॅस्टिकची फाईल घट्ट धरून बसलेली एक बाई. साडूंना राहवेना.

“आपको ये टिकट कितने को पड्या?”

तिने आपलं बेटवासी असल्याचं कार्ड दाखवलं आणि आकडा सांगितला. आमच्या तिकिटापुढे तो अगदीच नाममात्र होता. साडूंना एवढा मोठा धक्का लाटांनीही दिला नव्हता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला मिळालेला चांगला दर इतक्या जवळून पाहिला.

“ऐसा कैसे?” ते म्हणाले.

“हमारा तो रोज का है ना, दादा,” ती म्हणाली. “परसों अस्पताल में बुलाया था. कल बोट नहीं, परसों सीट नहीं.” हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आमच्याकडे एस.टी. भरून गेली हे माणूस जसं सांगतो तसंच सांगितलं. साडू थोडा वेळ पोत्यांकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी तिला सावलीतली आपली जागा दिली आणि उरलेला प्रवास उन्हात उभ्याने केला. त्यांना समुद्र लागला नाही. या वेळी गोळी घेतली होती.

तेव्हा वाजवी दराचं अंदमान ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी समितीचा अहवाल असा. डिसेंबर ते एप्रिल हवा चांगली. पैसे वाचवायचे ते विमानात वाचवा, तिकिटं महिनोन् महिने आधी काढा. बेटं कमी करा आणि प्रत्येकावर जास्त राहा, कारण बेट बदललं की बोटभाडं आलंच. गर्दीच्या दिवसांत परवडत असेल तर खासगी बोटीने जा आणि सरकारी बोटीतली जागा ज्यांच्यासाठी ती चालते त्यांना राहू द्या. हाताशी रिकामे दिवस असतील आणि गर्दी नसेल, तर मात्र एकदा तरी सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहा. गोळी तासभर आधी घ्या. शंखशिंपले, प्रवाळ किनाऱ्यावरच राहू द्या. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. तिच्यामुळे चुकलेल्या विमानाचे मिळत नाहीत.