साहेब येणार आहेत, हेल्मेट घाला

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तिथली सुरक्षा उभी राहते. त्यासाठी फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या दौऱ्याची तारीख आदल्या संध्याकाळी कळावी लागते. गेटवरचा ‘सुरक्षा प्रथम’चा फलक ओल्या फडक्याने पुसला जातो, गोदामातली कोरी हेल्मेटं बाहेर येतात आणि परांचीवरचा गवंडी कमरेला बेल्ट बांधतो. बेल्टचा हुक अडकवायला वर दोरच नसतो, म्हणून तो हुक बेल्टलाच अडकवलेला. शेंद्र्यातल्याच मांगीरबाबाच्या यात्रेतला गळ निदान नवस फेडणाऱ्याच्या पाठीत खरोखर रुततो. हा हुक मात्र फोटोपुरता.

आपली तपासणी बांधकामाची नसून स्वागताची असते. भारताने १९४९ मध्येच मान्य केलेला कामगार तपासणीचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा-रात्री केव्हाही आत जाता आले पाहिजे. समृद्धी महामार्गावर सरळांब्याला गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले, ते ३१ जुलै २०२३ च्या रात्री. त्या वेळी सरकारी कचेऱ्यांना कुलपे असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेंद्र्यातल्याच एका कारखान्यात मक्याची टाकी कोसळून चार कामगार दबून मेले; तो हेल्मेटने टळणारा अपघात नव्हता. टाकीचा भार, सेंट्रिंगचे टेकू, खड्ड्याच्या कडा यांचे फोटो नीट येत नाहीत, म्हणून तपासणी डोक्यापाशीच थांबते. शिवाय १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षेचा नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा जास्तीत जास्त २,००० रुपये दंड, आणि चूक चालूच ठेवली तर रोजचे १०० रुपयांपर्यंत, एवढीच शिक्षा होती. एवढ्या स्वस्त भाड्याने शेंद्र्यात दुसरे काहीच मिळत नव्हते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने दंड वाढवला, हे मान्य. कामगार मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाखांचा दंड, अथवा दोन्ही. पण हा तेराव्यानंतरचा हिशेब झाला.

यावर ठेकेदार म्हणतात, “मजूरच बेल्ट लावत नाहीत हो!” खरे आहे. सळई टनावर आणि सेंट्रिंग चौरस फुटावर उक्ते दिले की, हुक काढण्या-घालण्यात गेलेले प्रत्येक मिनिट मजुराच्या खिशातून जातो. बेपर्वाई दरपत्रकात लिहिलेली असते. मजूर फक्त ती अमलात आणतो. दुसरा आक्षेप भारदस्त: अचानक तपासण्या म्हणजे इन्स्पेक्टर राज, गुंतवणूकदार पळून जातील. ज्या शेंद्र्यात मोटारी तयार होतात, तिथे बोल्ट किती घट्ट बसला हे पुन्हा पुन्हा तपासतात. त्याला कुणी बोल्टराज म्हणत नाही की त्यापायी कुणी पळून गेल्याचे ऐकिवात नाही. राहिला निरीक्षकाच्या हप्त्याचा मुद्दा. पण पाकीट भरायला ठेकेदाराला आधी वेळ लागतो, आणि तो वेळ तारीख कळवूनच मिळतो.

तेव्हा कामगार खात्याला एकच विनंती. स्लॅब भरायच्या रात्री, न कळवता या. आणि तपासणीचा शेरा साइट ऑफिसच्या एसीत न लिहिता परांचीच्या सगळ्यात वरच्या फळीवर उभे राहून लिहा. साहेबांना आणि वहीला तिथवर नेण्याची जबाबदारी ठेकेदाराची. त्यानेही सोबत चढावे. हुक कशाला अडकवायचा, हे दोघांनी मिळून शोधावे.