चावी – पाहा: संदर्भभाऊ

जालना एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की गेटासमोरच्या टपरीवर जे बोललं जातं, त्याला पुरावा मागायची पद्धत नाही. भंगाराचा भाव उद्या उतरणार, शेजारच्या भट्टीचं लायनिंग वीस हीटसुद्धा टिकलं नाही, तुळशीपुढे मोबाइल ठेवला की रेडिएशन मरतं हे ‘नासा’नं मान्य केलंय. हे सगळं चहाबरोबर खाली उतरतं. एकाच माणसाच्या घशात अडकतं. तो बशी खाली ठेवतो आणि विचारतो, “सोर्स काय?”

हे आमचे संदर्भभाऊ. सळईच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरकीपर. मस्टरवरचं नाव वेगळं आहे, पण ते आता पगार काढणाऱ्यालाच आठवतं.

असा एक माणूस हल्ली दर कारखान्यात निघतो. कुणाला मोबाइलवरून आयुर्वेद चढलेला असतो, कुणाला शेअर बाजार. भाऊंच्या वाट्याला ग्रंथालयशास्त्र आलं. मुलगी बी.लिब. करत होती. परीक्षेआधी तिच्या नोट्स हातात धरून तिला प्रश्न विचारायचं काम भाऊंकडे होतं. मुलगी पास होऊन मोकळी झाली, भाऊ काही त्या नोट्सांतून बाहेर आले नाहीत.

खरं तर त्यांना ते शास्त्र नवं वाटलंच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रॅकपाशी नेलं आणि एक बेरिंग हातात दिलं. “६२०५. शेवटच्या पाचाला पाचानं गुणा. आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. न मोजता सांगतो मी. आता पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ दिसलं की न उघडता सांगायचं, मराठी साहित्य. ड्यूई नावाच्या माणसानं १८७६ साली काढलेली युक्ती. बेरिंग काय नि पुस्तक काय, खानदान एकच.” त्याच हिशेबानं अख्खं जालना त्यांनी सहाशेच्या कपाटात बसवलं. शेती ६३०, धातुशास्त्र ६६९. म्हणजे बियाणं आणि सळई एकाच भिंतीला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मात्र मूळ संदर्भ मिळेपर्यंत टेबलावर पडून आहे.

मी लॅबमध्ये असतो. भट्टीतला नमुना घासून स्पेक्ट्रोवर ठेवायचा, कार्बन-मँगनीज बघायचं, हे माझं काम. भाऊंनी मला परस्पर बढती दिली. “तुम्ही पीअर रिव्ह्यू.” शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे जाणकार तो तपासतात, बऱ्याचदा लिहिणाऱ्याचं नावही त्यांना कळू देत नाहीत. आपण नुसता कोड टाकून नमुना बाहेरच्या लॅबला पाठवतो, तसंच. मी विचारलं, “आणि शेठचे मेहुणे हात लावून ‘एक नंबर माल’ म्हणतात, ते?”

“तो मलपृष्ठावरचा मजकूर,” भाऊ म्हणाले.

डीओआय म्हणजे काय हे मला इंटरनेटवर वाचून कळलं नव्हतं, ते भाऊंनी फाटकाबाहेर उभं राहून समजावलं. इथे बोर्ड बदलतात. मालक बदलतो, भागीदार भांडतात, बँक कुलूप लावते, नवा माणूस नवं नाव रंगवतो. प्लॉट नंबर मात्र तोच राहतो, म्हणून कुरिअरवाला चुकत नाही. लेखाचंही तसंच. वेबसाइट पत्ता बदलते, जुनी लिंक मरते, पण दहाच्या आकड्यानं सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक लेखाला कायमचा चिकटलेला असतो. एवढं स्वच्छ कुठल्या प्राध्यापकानं सांगितलं असतं असं मला वाटत नाही. अडचण एवढीच, की आम्ही दोघांनी ज्या टेम्पोला माल उतरवायला थांबवलं होतं तो तोवर निघून गेला होता.

शोधयंत्राशी त्यांची पहिली झुंज माझ्याच संगणकावर झाली. ‘लॅडल’ टाकलं, वरणाचा डाव आला. ‘बिलेट’ टाकलं, इंग्रज सैनिकांच्या मुक्कामाची सोय आली. ‘जालना’ला यंत्रानं हिंदीतलं ‘जलना’ समजून भाजल्यावर लावायचं मलम दाखवलं. भट्टीवाल्यांच्या दृष्टीनं हे फार चूक नव्हतं. मग भाऊंनी नोट्स काढल्या. शब्द जोडीनं हवे असतील तर अवतरणचिन्हात बांधायचे. नको असलेल्या शब्दाआधी वजा. आणि मुख्य म्हणजे जॉर्ज बूलचे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’.

इथे भाऊ खरे रंगतात. त्यांचं म्हणणं, टपरीवरचं ‘आणि’ वेगळं, बूलचं वेगळं. टपरीवर चहा आणि खारी म्हटलं की बिल वाढतं. संगणकावर ‘आणि’ म्हटलं की मिळकत घटते, कारण दोन्ही अटी पाळणारंच पुढे येतं. पटवायला त्यांनी आमच्या क्रेनवाल्याचं स्थळ घेतलं. पोरगं तीन वर्षं बाशिंग बांधून बसलंय. मुलीकडच्यांची अट: सरकारी नोकरी आणि पाच एकर बागायत आणि संभाजीनगरात फ्लॅट, वजा सासू. भाऊंनी मुलीच्या मामांना समोर बसवलं. “अहो, अशा क्वेरीला शून्यच येणार! निदान एका ठिकाणी ‘किंवा’ घाला की.” मामा म्हणाले, “कुठं घालू?” भाऊ म्हणाले, “सरकारी किंवा क्रेन.” मामांनी चहा अर्धा सोडला.

रात्रीच्या वॉचमनचा अपमान मात्र त्यांना जमला नाही. तो असईजवळचा. १८०३च्या लढाईत पणजोबाच्या पणजोबानं तोफ ओढली, असं तो दर हिवाळ्यात शेकोटीपाशी सांगतो. भाऊ म्हणाले, “इंग्रज सेनापती वेलस्लीची त्या वेळची पत्रं हे प्राथमिक साधन. त्यांवरून पुढं कुणी लिहिलेला ग्रंथ दुय्यम. आणि तू तृतीय.”

“हाव भाऊ,” तो म्हणाला, “ह्या आठवड्यात तिसरीच पाळी आहे.”

पण भाऊंचं खरं कर्तृत्व म्हणजे स्टोअरची तालिका. आमच्याकडे बिहारचे, ओडिशाचे, भोकरदनचे, परतूरचे, सगळे एकाच वस्तूला वेगवेगळ्या नावांनी हाका मारतात. ग्रंथालयात यावर उपाय असतो: एक नाव ठरवायचं आणि बाकीच्या नावांपुढे ‘पाहा’ लिहून वाचकाला तिकडे धाडायचं. भाऊंनी दोनशे पानी वही घातली. ‘वायसर – पाहा: वॉशर.’ ‘संडशी – पाहा: टाँग.’ ‘डब्बा – पाहा: गिअर बॉक्स; जेवणाचा असल्यास कँटीन.’ हसू नका. या वहीमुळे नवा हेल्परसुद्धा मिनिटात माल काढून देऊ लागला. वाचकाचा वेळ वाचवा, असा एक नियमच रंगनाथनांनी १९३१ साली सांगून ठेवलाय, तो आमच्या स्टोअरात पाळला जातो. भाऊ स्वतः काउंटरवर नसले तर.

वहीतली सर्वांत लांब नोंद ‘चावी’ची. तीन अर्थ: १. शाफ्ट आणि पुली एकत्र घट्ट धरणारा लोखंडी तुकडा. २. नट फिरवायचा पाना, उत्तरेकडच्या मंडळींच्या तोंडी. ३. कुलपाची. तिसऱ्या अर्थाची मुख्य वस्तू, म्हणजे स्टोअरची चावी, टाइम ऑफिसात खिळ्याला. वर भाऊंच्या अक्षरात पाटी: ‘संदर्भ प्रत. बाहेर नेऊ नये.’

गेल्या महिन्यात रात्री दोनला रोलिंग मिल थांबली. शाफ्ट फिरतोय, पुली फिरत नाही. फिटर टाइम ऑफिसात धावला, खिळा रिकामा. त्यानं भाऊंना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून पुढचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“भाऊ, चावी पाहिजे.”

“कुठल्या अर्थानं?”

“पहिल्या.”

“रॅक चार, खालून दुसरा कप्पा. यात मला कामून उठवलं?”

“त्याच्यासाठी आधी तिसऱ्या अर्थाची पाहिजे ना.”

बराच वेळ फोनवर नुसता पंखा ऐकू आला. मग खुंटीवरची पँट झटकल्यासारखा आवाज, आणि किणकिण.

पंचवीस मिनिटांत भाऊ स्कूटरवर आले, पायजम्यावर स्वेटर. कुणी काही बोललं नाही. वॉचमननं फाटक उघडलं आणि फक्त गेटचं रजिस्टर पुढे केलं. आणलेल्या मालाच्या रकान्यात भाऊंनी लिहिलं: ‘चावी, एक. संदर्भ प्रत. परत.’

“सोर्स?” वॉचमननं विचारलं.

भाऊंनी पेन उचललं, क्षणभर थांबले आणि पुढे लिहिलं: ‘प्राथमिक.’