आधी किल्ली द्या

बेघरांना ब्लँकेटं वाटणाऱ्या संस्था प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. खिचडी देणाऱ्या आहेत, औषधं देणाऱ्या आहेत, फुटपाथवर फळा टांगून पोरांना शिकवणाऱ्या आहेत. त्या नसत्या तर कितीतरी माणसं एव्हाना मेली असती, तेव्हा त्यांच्याविषयी वाकडा शब्द नाही. पण विचारायलाच हवं असं एक आहे. गेल्या दहा वर्षांत या सगळ्यांनी मिळून किती माणसं रस्त्यावरून घरात नेली? आणि त्यातली किती जण दोन वर्षांनीही घरातच होती?

या दोन्ही प्रश्नांना उत्तर देऊ शकणारं एक शहर म्हणजे अमेरिकेतलं ह्यूस्टन. २०१२ ते २०२२ या काळात तिथे २५,००० हून जास्त बेघर माणसं थेट घरात गेली. दोन वर्षांनंतरही त्यातली बहुसंख्य घरातच होती.

ह्यूस्टन म्हणजे टेक्सास. तेलाचा पैसा, मैलोनमैल हायवे, सरकारने कशात फारसं पडू नये असं मानणारं राजकारण. कनवाळूपणासाठी या शहराचं नाव कोणी घेत नव्हतं. २०११ सालच्या एका रात्रीच्या मोजणीत शहरात आणि लगतच्या भागात सुमारे साडेआठ हजार माणसं रस्त्यावर किंवा निवाऱ्यात सापडली. २०२४ साली तोच आकडा सव्वातीन हजारांच्या घरात होता. त्याच वर्षी अख्ख्या अमेरिकेतल्या बेघरांची संख्या ७,७१,४८० वर पोचली, म्हणजे मोजणी सुरू झाल्यापासूनचा उच्चांक.

हे जुळवून आणणाऱ्या संस्थेचं नाव कोअलिशन फॉर द होमलेस. स्थापना १९८२. हे साल नीट बघा. संस्था होती, सभासद होते, बैठका होत होत्या, आणि तरीही तीस वर्षांनी साडेआठ हजार माणसं बेघर होती. नुसतं एकत्र बसून काही हलत नाही, याचा पुरावा हीच तीस वर्षं. आपल्याकडे ‘समन्वय समिती’ स्थापन झाली की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

२०१२ साली ‘द वे होम’ नावाने नवी मांडणी झाली. हॅरिस, फोर्ट बेंड आणि पुढे माँटगोमेरी या काउंट्यांतल्या शंभरावर संस्था, महापालिका, काउंटीची खाती, माजी सैनिकांचं खातं असे सगळे एका छत्राखाली आले. महापौर ॲनिस पार्कर डेमोक्रॅट, हॅरिस काउंटीचे प्रमुख एड एमेट रिपब्लिकन. दोघांनी या कामात पक्ष आड येऊ दिला नाही. पण खरा बदल पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनात नव्हता. शंभर संस्थांनी आपापली रांग मोडली, बदल तिथे झाला.

पूर्वी प्रत्येक संस्थेची रांग वेगळी असायची. बेघर माणसाने दहा दारं ठोठावायची, प्रत्येक दारात तीच कहाणी नव्याने सांगायची. संस्था त्यातून आपल्याला झेपेल असा माणूस निवडायची: दारू सोडलेला, कागद जवळ असलेला, उद्या नोकरी लागण्याजोगा. त्याची गोष्ट अहवालात छान दिसते, देणगीदाराला सांगता येते. वीस वर्षं पुलाखाली काढलेला, पाय कुजत चाललेला, स्वतःशी बोलणारा माणूस कुठल्याच रांगेत पुढे यायचा नाही. आता यादी एक, प्रश्नावली एक, माहितीचा साठा एक. कुठल्याही दारातून आत आलं तरी नाव त्याच यादीत पडतं, आणि ज्याची अवस्था जास्त वाईट त्याचा नंबर आधी. संस्थेने आपला माणूस आपण निवडायचा नाही. हा अधिकार सोडणं संस्थाचालकाला किती जड जातं, ते या क्षेत्रात चार दिवस वावरलेल्या कोणालाही विचारा.

माजी सैनिकांचं उदाहरण घ्या. रस्त्यावरच्या माजी सैनिकाला घरात पोचायला ह्यूस्टनमध्ये पूर्वी ७२० दिवस लागत आणि ७६ टप्पे पार करावे लागत. एवढे टप्पे कोणी दुष्टपणाने रचले नव्हते. प्रत्येक खात्याने आपला एकेक अर्ज, एकेक दाखला, एकेक सही घातली आणि बेरीज ७६ झाली. सगळे एकत्र बसले, टप्पे मांडले, नको ते छाटले. २०२२ पर्यंत हा काळ ३२ दिवसांवर आला होता. २०१५ च्या जूनमध्ये महापौर पार्कर यांनी जाहीर केलं की शहरात घराची वाट बघत रस्त्यावर राहावं लागेल असा माजी सैनिक आता उरलेला नाही. तीन वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माजी सैनिकांना घरं मिळाली होती. आपल्या तहसील कचेरीत एखाद्या निराधार म्हातारीच्या पेन्शनचे टप्पे कोणी मोजलेत का? मोजावेत. मोजल्याशिवाय छाटता येत नाहीत.

आता त्या धोरणाकडे येऊ, ज्यावर सगळ्यात जास्त लोक नाक मुरडतात. आधी घर. दारू सुटायच्या आधी, नोकरी लागायच्या आधी, मनाच्या आजारावर उपचार सुरू व्हायच्या आधी. ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेतून सुरू केली. जुनी रीत पायऱ्यांची होती: आधी सुधारा, मग निवारा, मग तात्पुरती खोली, मग कधीतरी घर. त्सेम्बेरिस म्हणाले, घर आधी द्या, बाकीचं त्या घरात बसून करू. साधी गोष्ट आहे. ज्याची गोळ्यांची पिशवी दर चार रात्रींनी चोरीला जाते, तो गोळ्या वेळेवर कशा घेणार? ज्याला झोपायला धड जागा नाही, तो सकाळी आठला कामावर कसा हजर होणार?

“फुकट दिलं की माणूस आळशी होतो,” हे वाक्य ऐकायची आता मला सवय झाली आहे. ह्यूस्टनमधलं घरही सरसकट फुकट नसतं. ज्याला थोडंफार उत्पन्न आहे, तो त्यातलं साधारण तीस टक्क्यांपर्यंत भाड्यात भरतो, उरलेलं सरकारी अनुदानातून जातं. सोबत एक कार्यकर्ता असतो. तो दवाखान्याची तारीख लक्षात ठेवतो, कागद काढून देतो, शेजाऱ्याशी भांडण झालं तर जाऊन बसतो. कुठल्याच रांगेत पुढे न येणाऱ्या माणसाला चावीइतकीच या कार्यकर्त्याची गरज असते. तो काढून घेतला तर पद्धत कोसळते.

आणि घरं कुठून आणली? बहुतेक बांधली नाहीत, भाड्याने घेतली. हे काम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कोअलिशनने घरमालकांशी बोलायला वेगळी माणसं नेमली. घरमालकाला भाडेकरूविषयी कळवळा असायची गरज नाही. त्याला भाडं वेळेवर हवं, मोडतोड झाली तर भरपाई हवी, आणि रात्री दहाला गडबड झाली तर फोन उचलणारा कोणीतरी हवा. हे तिन्ही कोअलिशनने दिलं. शंभर संस्थांनी शंभर घरमालकांच्या विनवण्या करण्याऐवजी एकाने सगळ्यांतर्फे सौदा केला. २०२० साली महापालिका आणि काउंटीने कोविडच्या मदतीतून साडेसहा कोटी डॉलरची योजना जाहीर केली, तेव्हा पैसा कुठे लावायचा यावर खल करावा लागला नाही. यादी तयार होती, घरमालक ठाऊक होते.

पुलाखालची वस्ती हटवायची तरी क्रम तोच. आधी तिथल्या एकेकाशी बोलायचं, त्याला घर दाखवायचं, हलवायचं. सगळे गेले की जागा बंद. आपल्याकडे महापालिकेची गाडी आधी येते. बोचकी उचलली जातात, त्यात रेशनकार्ड जातं, आधार जातं, मुलाच्या शाळेचा दाखला जातो. मग तोच माणूस सरकारी खिडकीवर गेला की त्याच्याकडे पुरावा मागतात.

ह्यूस्टनची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. याच शहराने २०१२ साली नियम केला की जागामालकाच्या परवानगीशिवाय पाचाहून जास्त गरजूंना जेवण वाढता येणार नाही, आणि २०२३ साली उघड्यावर जेवण वाढणाऱ्या कार्यकर्त्यांवर पोलिसांनी दंडाच्या पावत्या फाडल्या. हे लाजिरवाणं आहे. तिथली भाडी सॅन फ्रान्सिस्को किंवा न्यूयॉर्कच्या मानाने कमी, बांधकामाचे नियम सैल, म्हणून रिकामे फ्लॅट मिळाले, हेही खरं. गेली काही वर्षं आकडा सव्वातीन हजारांपाशीच अडलाय, कारण कोविडचा पैसा संपत गेला आणि दर महिन्याला नवी माणसं रस्त्यावर येतच राहिली. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ‘आधी घर’ या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घेण्याचा आदेश काढला. दहा वर्षांत उभं राहिलेलं काम असं एका सहीने डळमळीत होतं. संतापाची गोष्ट आहे.

मुंबईचं काय?

मुंबईत यातली सुरुवात ह्यूस्टनच्या कितीतरी आधी झाली होती. १९८५ साली स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आणि आसपासच्या फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली. ‘वुई द इन्व्हिजिबल’ या नावाने ती छापली गेली. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण नोटीस देऊन फुटपाथवरून हटवायची मुभाही ठेवली. मोजणीतून महिला मिलन ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. स्पार्क, महिला मिलन आणि जोकिन अर्पुथम यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन अशी तिघांची आघाडी झाली. या बायकांनी स्वतः बचत केली, स्वतः घराचे नकाशे आखले. पुढे रेल्वेरुळांलगतच्या हजारो झोपड्यांच्या पुनर्वसनात याच आघाडीने लोकांच्या याद्या केल्या आणि माणसं हलवली. म्हणजे घराघरांची, नावानिशी यादी करायची अक्कल आपल्याकडे ह्यूस्टनकडून यायची गरज नाही. ती भायखळ्याच्या बायकांकडे चाळीस वर्षांपूर्वीच होती.

आपण मात्र त्या वाटेने पुढे न जाता निवाऱ्यांवर येऊन थांबलो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दर लाख लोकवस्तीमागे एक चोवीस तास चालणारा निवारा ठरवून दिला. मुंबईची लोकसंख्या २०११ साली १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. बरं, निवारा झाला तरी ते घर नव्हे. नवरा एकीकडे, बायको एकीकडे, वयात आलेला मुलगा तिसरीकडे. स्वतःची चूल नाही, कुलूप नाही. थंडीपावसापुरता तो हवाच, पण अर्थसंकल्पात बेघरांसाठीची तरतूद निवाऱ्याच्या खाटांवर संपते तेव्हा त्यांनी कायम खाटेवरच राहावं असं आपण ठरवून टाकलेलं असतं.

मोजणीबद्दलही बोलायला हवं. ह्यूस्टनमध्ये ती दरवर्षी होते. आपल्याकडे २०११ च्या फेब्रुवारीत एका रात्री झाली. मुंबईत ५७,४१६ आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास बेघर निघाले. कार्यकर्ते तेव्हापासून सांगताहेत की खरा आकडा याहून बराच मोठा आहे, आणि मला त्यांचं पटतं. रात्री अकराला कोण कुठल्या बंद दुकानाच्या फळीखाली झोपतो, हे वर्षानुवर्षं तिथे जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याच जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली. हे दोन आकडे एकाच सरकारी दप्तरात आहेत. आणि महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. रस्त्यावर बसलेल्याला उचलून डांबायला कायदा सापडतो, त्याला अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेऊन द्यायला योजना सापडत नाही.

“मुंबईत भाडी परवडतील का?” हा प्रश्न रास्त आहे. दक्षिण मुंबईत नाहीत परवडणार. पण खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि एक कार्यकर्ता यांचा हिशेब कोणी मांडलाच नाही, तर परवडत नाही हे कशावरून ठरलं? पन्नास कुटुंबांसाठी मांडून तर बघू.

जागा मी सुचवतो: ई वॉर्ड, भायखळा. तिथे काम करणाऱ्या संस्थांनी एका टेबलाशी बसावं आणि आपापल्या वह्या उघडाव्यात. लाभार्थी कोणाचा हा वाद दाराबाहेर ठेवावा. दुबार नावं काढावीत. सगळ्यात आजारी, सगळ्यात जुनी, सगळ्यात नकोशी झालेली पन्नास कुटुंबं वर घ्यावीत. भाड्याचा, डिपॉझिटचा आणि कार्यकर्त्यांच्या पगाराचा आकडा त्यांच्यापुढे लिहावा आणि ती एकच यादी, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आयुक्तांच्या हातात द्यावी. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो. यादी त्याआधी पोचायला हवी.