अविकारकांकडून काम करून घेण्याची रीत

कोणत्याही परिमेय संख्येत 0 मिळवले किंवा तिला 1 ने गुणले, तर ती होती तशीच राहते. म्हणून 0 हा बेरजेचा आणि 1 हा गुणाकाराचा अविकारक घटक. दोघे काहीच करत नाहीत असे वरवर दिसते. तरीही त्यांना कामाला लावता येते.

त्यांच्या खात्यांची अदलाबदल मात्र करू नये. पाऊणमध्ये 1 मिळवला की पावणेदोन होतात, आणि पाऊणला 0 ने गुणले की पाऊणही जातो.

वजाबाकीत बाजू पाहावी. 3/4 − 0 हे 3/4 च राहते, पण 0 − 3/4 करताच ऋण चिन्ह येऊन बसते. त्यामुळे वजाबाकीला असा दोन्ही बाजूंनी चालणारा घटक नाही.

0 वापरायला ते लिहिता यावे लागते, असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या 3000 कार्षापण नाण्यांच्या दानाचा लेख आहे. पैकी 2000 गोवर्धन गावच्या एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा 1 दराने ठेवले, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. तीन हजारांचा आकडा कोरला आहे, पण त्यात शून्य एकही नाही. त्या पद्धतीत हजाराला स्वतंत्र चिन्ह होते. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे, ही अट मात्र स्वच्छ लिहिली आहे. म्हणजे मुद्दलातून दरमहा वजा शून्य. मुदतठेव मुदतीआधी मोडणाऱ्यांनी पायऱ्या चढून हा लेख जरूर पाहावा. लिपी ब्राह्मी आहे, ही सबब ऐकली जाणार नाही.

त्या दोन दरांतला फरक काढायचा, तर 1 ला 4/4 व्हावे लागते. 1 चा खरा उपयोग तो हाच. तो 2/2 होतो, 3/3 होतो, −5/−5 सुद्धा होतो. फक्त 0/0 होत नाही. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज करताना पहिल्याला 3/3 ने व दुसऱ्याला 2/2 ने गुणावे: 3/6 + 2/6 = 5/6. किंमत कोणाचीच बदलली नाही, छेद तेवढे जुळले.

येथे एक तक्रार नोंदवणे भाग आहे. ‘a × 1 = a’ एका गुणासाठी घोकून घेणारे मास्तर पुढे समच्छेद शिकवताना ‘खाली-वर सारख्याने गुणा’ एवढेच ओरडतात. हा तोच 1 आहे, हे सांगायला काय जाते? मग पोरगे 1/2 + 1/3 = 2/5 लिहिते आणि ओरडाही तेच खाते. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसे आले, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

0 आणि 1 या दोघांना एकत्र पाहायचे असल्यास देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या संख्यांकडे जावे. त्यांत वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत येते: 45 चा वर्ग 2025, आणि 20 + 25 = 45. या यादीत पहिला 1: त्याचा वर्ग 01, आणि 0 + 1 = 1. गुणाकारात 1 ने काही बदलले नाही, बेरजेत 0 ने नाही, तरी पहिला नंबर मिळाला. यादीतल्या पुढच्या 9 ला मात्र 81 पर्यंत जाऊन, 8 आणि 1 मिळवून परत यावे लागते.