चार ओहमचे दाजी

माणसं गाडी घेतात आणि मग तिच्यात टेप बसवतात. आमच्या दाजींनी टेप बसवायला जागा हवी म्हणून गाडी घेतली, असं ताईचं ठाम मत आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचं दार उघडं, दाराचं आतलं अस्तर फरशीवर आणि सीटखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर ते पाय दाजींचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पायानंच रामराम करतात.

‘टेप’ हा शब्द मी इथे बिनधास्त वापरला. त्यांच्यासमोर वापरून बघा. ‘पाव्हणं, हेड युनिट म्हणा,’ हे ते अशा सुरात सांगतात, की आपण कुणाच्या तरी वडिलांना अरे-तुरे केलं असावं.

या हेड युनिटच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं. ही थाप आहे, हे दाजी चहाचा कप हातात यायच्या आत सिद्ध करतात. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात फार तर १४.४ व्होल्ट. त्यांचा वर्ग करा, स्पीकरच्या चार ओहमनं भागा, बावन्नाच्या आसपास आले. पण ते आवाज पार फाटल्यावरचे. गाणं स्वच्छ हवं असेल तर पदरात पडतात १८-२०. ‘पगारासारखंच,’ दाजी म्हणतात, ‘पत्रावरचा वेगळा, हातात येणारा वेगळा.’

तेव्हा अँप आलाच. त्यासाठी दाजी बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाला बाहेरूनच हात जोडले आणि दिवसभर दुकानं पालथी घातली. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात, हे त्यांनी मला सांगितलं. ताईला सांगितलं नाही. बिल तिच्या कार्डावर होतं.

एकसर आणि समांतर जोडणी मला दहावीला कळली नव्हती. ती दाजींनी लग्नाच्या पंगतीवरून शिकवली. स्पीकर म्हणजे हॉलचं दार, अँप म्हणजे वाढपी. एकच दार असेल तर माणसं बेतानं आत येतात. शेजारी दुसरं दार काढलं, म्हणजे चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की होतात दोन ओहम. दुप्पट माणसं आत शिरतात, पंगत झकास उठते, पण वाढप्यांचा घाम निघतो. दोन दारं एकामागे एक ठेवली की आठ ओहम, गर्दी निम्मी, वाढपी गार. ‘आपला वाढपी दोन ओहम झेपणारा आहे का, हे आधी विचारायचं. नाहीतर जिलबी यायच्या आत तो आडवा.’ त्यांचा पहिला अँप असाच आडवा झाला होता. ती हकिकत मला ताईकडून कळली.

वायरींचे रंग ते पाढ्यासारखे म्हणतात. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असेल ती उणे. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. अर्थिंगला आधी रंग खरवडायचा, नाहीतर एक्सलेटर दाबला की गाण्यात डास गुणगुणतो. इतकं सगळं चोख करूनही दोन वर्षं त्यांची एकच तक्रार होती: ‘बास येत नाही राव.’ गाणारीचा आवाजही समोरून न येता डोक्याभोवती कुठेतरी फिरायचा. मग दारं थरथरून वाजू नयेत म्हणून त्यांना मॅट चिकटवली, वायरी जाड केल्या. बास काही येईना.

परवा त्यांनी मला पोलॅरिटीची परीक्षा शिकवायला घेतली. टीव्हीच्या रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल काढला, अँपमागच्या वायरी सोडवल्या. ‘अधिकला अधिक, उणेला उणे, नुसती टिचकी लावायची. पडदा बाहेर उडी मारतो, बघा.’ मी टिचकी लावली. उजव्या दाराचा पडदा बाहेर आला. डाव्याचा आत गेला.

‘सेल उलटा धरलात.’

सेल सुलटा होता. त्यांनी स्वतः धरून पाहिला. पडदा पुन्हा आत. मूळ वायरिंगचा कपलर कापून जोडताना कंपनीच्या वायरींना त्यांनी आपला पाढा लावला होता, आणि कंपनीचा पाढा वेगळा होता. दोन वर्षं एक स्पीकर हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढत होता. बास आपसातच मिटत होता.

दाजी पाचेक मिनिटं गप्प होते. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं ताईनं नंतर वेळ विचारून घेऊन सांगितलं. दोन वायरींची अदलाबदल केली, खर्च शून्य. गाणं लावलं आणि सीटखालून ढोल वाजला. ताई बाल्कनीत आली. दाजी वर बघून ओरडले, ‘बघ, अँप आता रुळला!’

त्यानंतर आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो. वाटेत गाणी खरंच सुंदर लागली असणार. कारण प्रत्येक गाण्याला आवाज कमी करून दाजी पुढे काय ऐकायचं ते सांगत होते आणि सांगून होईपर्यंत गाणं संपत होतं. परतताना खंबाटकीच्या बोगद्यापाशी मात्र त्यांनी सगळं बंद केलं. कान टवकारले. ‘किणकिण येतेय. ऐकलंत? डावं दार.’ मी दार दाबून धरलं. किणकिण चालूच. डॅशबोर्ड दाबला, पट्टा धरला. शेवटी दाजींनी बाजूला पाहिलं. ताई फोनवर काहीतरी टाइप करत होती. लग्नघरी भरलेला हिरवा चुडा मनगटावर हलत होता.

‘एवढ्या हातात कशाला?’ दाजी म्हणाले.

ताईनं मान वर केली नाही. ‘उरलीय का मॅट? लावा मलाही.’