अर्थ लागला पाहिजे

प्रत्येक सोसायटीत एक मीटरवाले काका असतात. विजेचं मीटर वाचायला येणारे वेगळे. ते महिन्यातून एकदा येतात आणि आकडा घेऊन जातात. हे कायम असतात, आणि जात नाहीत.

आमचे काका टेलिफोन खात्यातले. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी मुलाला दिलं आणि स्वतःजवळ मल्टिमीटर ठेवला. त्याची काच तडकलेली आहे, झाकण रबरबँडने धरलेलं आहे आणि लाल प्रोबला काळ्या टेपचं बँडेज आहे. तो नेहमी खिशात असतो. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर प्रसाद घेताघेता त्यांना माळेतला एक दिवा बंद दिसला. रात्री साडेदहाला ते जेवून गेले तेव्हा सबंध माळ बंद होती. पण का बंद आहे, हे आता त्यांना कळलं होतं. काकांच्या लेखी काम झालं होतं.

त्यांचं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं : अर्थ. मोटारीच्या भाषेत अर्थ म्हणजे बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडणारी वायर. ती सैल झाली की हॉर्न दाबल्यावर वायपर हलतो, असे प्रकार सुरू होतात. ‘निम्मी दुखणी अर्थाची असतात,’ काका म्हणतात. ‘आधी अर्थ लागला पाहिजे, बाकीचं नंतर.’ हा श्लेष आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

माझी गाडी 2011 सालची. आदल्याच वर्षी, 1 एप्रिल 2010 ला, पुण्यासह 13 शहरांत बीएस-4 चे नियम लागू झाले आणि गाड्या स्वतःच्या प्रकृतीच्या तक्रारी स्वतःच नोंदवायला लागल्या. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, मागून काळा धूर यायला लागला आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला, तेव्हा मी तिला गॅरेजमध्ये नेलं. त्यांनी इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा परत आला. त्यांनी सेन्सर परत बदलला. दिवाही परत आला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, मान हलवून सांगितलं, ‘साहेब, ईसीयू गेला.’ ‘गेला’ हा शब्द त्याने अशा स्वरात उच्चारला की मी ‘कधी?’ असं विचारणार होतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं नव्हतं. पण बिघाडाचा वास त्यांना मुंगीला साखरेचा लागावा तसा लागतो.

‘सेन्सर म्हणजे बातमीदार,’ पार्किंगमध्ये मला गाठून ते म्हणाले. ‘तू दोन बातमीदार बडतर्फ केलेस. मधली तार तुटलीय का, ते बघितलंस?’

देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. काकांनी ती स्वतःपुरती चालू ठेवली आहे.

रविवारी सकाळी आठला ते हजर झाले. कपाळावर हेडटॉर्च, हातात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरलेली हत्यारं. बाकीचं साहित्य काकूंचं : हेअर ड्रायर, जुना टूथब्रश, नेलपॉलिशची बाटली. गाडी दुरुस्त करताना या वस्तू काय करायच्या, हे मी विचारलं नाही. या गाडीशी त्यांची जुनी ओळख. चार वर्षांपूर्वी रेडिएटरचा पंखा रुसला होता तेव्हाही तेच आले होते. अर्धा दिवस वायरी तपासल्यावर रिले गेलेला निघाला होता.

बॉनेट उघडलं की माणसं जमतात. वॉचमन आला, इस्त्रीवाला आला, सातवी-आठवीतली चार मुलं सायकली टाकून आली. काकांना प्रेक्षक लागतातच.

‘हा सेन्सर थंड असताना दोन-अडीच हजार ओहम दाखवतो,’ प्रोब टेकवत त्यांनी सुरुवात केली. ‘इंजिन तापलं की दोन-तीनशेवर येतो. म्हणजे अडथळा जास्त, तर इंजिन गार. आता वायरच तुटली, तर अडथळा किती?’

‘खूप,’ एक मुलगा म्हणाला.

‘अनंत! म्हणजे गाडीच्या मेंदूला, त्या ईसीयूला, वाटतं, इंजिन इतकं गार आहे की विचारू नका. तो धरतो उणे 40. आणि उणे 40 सेल्सियस म्हणजे फॅरनहाइटमध्ये किती?’ कुणीच बोलेना. ‘तेवढेच! उणे 40!’ इस्त्रीवाल्याने उगाचच मान डोलावली.

तर प्रकार असा होता. जुन्या पद्मिनीत थंडीच्या सकाळी चोक ओढायचो. ओढून विसरलो की गाडी पेट्रोल प्यायची आणि काळा धूर सोडायची. आता चोक मेंदूच ओढतो, सेन्सरच्या सांगण्यावरून. माझ्या गाडीच्या मेंदूला ती ऐन पुण्यात सियाचीनवर असल्यासारखी वाटत होती, आणि तो बिचारा इमानेइतबारे चोक ओढून बसला होता.

काकांनी स्टिअरिंगखालच्या सोळा टोकांच्या सॉकेटात एक डबी खोचली, फोन माझ्या हातात दिला आणि इंजिन सुरू करायला लावलं. ते तापल्यावर फोनवर तापमानाचा आकडा 84. मग ते वायरींचा जुडगा टीचभर टीचभर पुढे सरकत हलवत गेले. 84. 84. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि मी ओरडलो, ‘उणे 40!’ हात सोडला, 84. एका क्षणात सियाचीन, दुसऱ्या क्षणात घरी. काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

गॅरेजमध्ये हे का सापडलं नाही, तेही कळलं. आत एखादाच तंतू कसाबसा टेकून राहिला असेल तरी उभ्या गाडीत मीटर आनंदाने बीप वाजवतो. गतिरोधक आला की तो तंतू सुटतो, आणि आपण सेन्सर विकत घेतो.

वरची टेप उष्णतेने काकवीसारखी चिकट झाली होती. ती सोलली, वायर कापली, तर आत तांबं नव्हतंच; हिरवी भुकटी होती. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तेच. बॅटरीची वाफ, पावसाचं पाणी, आणि दर मे महिन्यात गुहागरला जाऊन खाल्लेला खारा वारा. पाणी वायरीच्या आवरणाखालून तंतूंच्या आधाराने आत आत चढत जातं. म्हणून नुसता दिसणारा हिरवा भाग काढून भागत नाही. काका कापत मागे सरकत राहिले. बोटभर, दोन बोटं, वीतभर. लालबुंद तांबं दिसलं तेव्हा थांबले.

नवा तुकडा जोडून त्यांनी डाग दिला. राळेचा वास सुटला. सांधा सुरेख झाला. आणि मग वरून आकसणारी नळी चढवायला गेले, तर ती आधीच वायरीत ओवायची राहून गेली होती. जगातल्या प्रत्येक मीटरवाल्या काकांच्या हातून ही नळी विसरते, अशी माझी खात्री आहे. सांधा सोडवला, नळी ओवली, परत डाग, मग हेअर ड्रायर पाऊण तास. ड्रायर केसांसाठी असतो हे नळीला ठाऊक असावं. ती काही केल्या आकसेना. शेवटी इस्त्रीवाल्याने जाऊन इस्त्री आणली.

इंजिन सुरू करून तापू दिलं. काकांनी जुडगा गदागदा हलवला. 84, 85, 86. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता काकांच्या अंगात न्यायाधीश संचारला. कापलेला तुकडा त्यांनी टॉर्चखाली धरला. आवरणावर सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि हिरवा रंग तिथूनच दोन्हीकडे पसरला होता.

‘हे बघा! कुणीतरी तपासताना वायरीत पिन खुपसलीय. तिथून पाणी शिरलं. ठीक आहे, खुपसावी लागते कधी कधी. पण काढल्यावर त्या भोकावर नेलपॉलिशचा एक थेंब लावायला काय जातं? एक थेंब! एवढंही ज्याला कळत नाही, त्याने गाडीला हात लावू नये!’

वॉचमनने मान हलवली. मी मान हलवली.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘अहो, त्या वेळी मागितली होतीत तुम्ही बाटली, पंख्याच्या वेळी. मला लग्नाला जायचं होतं, म्हणून मीच दिली नव्हती. आणि माझी सेफ्टी पिन?’

काकांनी हेडटॉर्च विझवला.